नाव एकाचं, भांडं दुसऱ्याचं

आमच्या घराण्यात बियर या विषयावर आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. बोललेलंही नाही, निदान बाहेरच्या खोलीत तरी. तेव्हा हे पान उघडून बसलेल्या समस्त काका, मामा आणि आत्यांना आधीच सांगून टाकतो, हा लेख पिण्याबद्दल नाही. हा लेख कारखान्याबद्दल आहे. किंवा नेमकं सांगायचं तर कारखाना नसण्याबद्दल.

झालंय असं, की 'बिरा ९१' नावाच्या बियरची गोष्ट मी गेली काही वर्षं पेपरातून तुकड्यातुकड्यानं वाचतोय. उलटं काढलेलं इंग्रजी बी आणि एक माकड, हे त्यांचं चिन्ह कुठे ना कुठे तुमच्याही नजरेस पडलं असेल. २०१५ साली ही बियर दिल्लीत अवतरली. अंकुर जैन नावाच्या, अमेरिकेत शिकून परत आलेल्या इंजिनियरनं ती आणली. ९१ म्हणजे भारताचा टेलिफोन कोड. नावातच भारत! आणि सुरुवातीच्या बाटल्या भरल्या गेल्या कुठे, तर बेल्जियममध्ये. तेही कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात नव्हे. तिथल्या एका बियरवाल्याकडून करारानं करून घेतलेला माल, जहाजानं इकडे यायचा.

त्या धंद्यात याला 'कॉन्ट्रॅक्ट ब्रुइंग' म्हणतात. आपण सांगलीकर त्याला 'जॉबवर्क' म्हणू आणि मोकळे होऊ. विश्रामबागेतून कुपवाडच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो दोन वाक्यांत समजावून देईल. ड्रॉइंग पार्टीचं, बहुतेक वेळा मालही पार्टीचा. मशीन आपलं, माणसं आपली, वीजबिल आपलं. पार्ट तयार झाला की त्यावर नाव पार्टीचं. पुढे तो पार्ट कुठल्या ट्रॅक्टरात बसला आणि कुठल्या देशात गेला हे आपल्याला कळतही नाही.

बियरच्या बाबतीत 'ड्रॉइंग' म्हणजे कृती. सातू भिजवून, मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात मुरवलं की गोड पाणी सुटतं. ते गाळून, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं आणि मोठाल्या टाक्यांत ठेवून द्यायचं. काही दिवस, काही आठवडे. यातलं खर्चिक काम उकळण्याचं वाटतं, पण पैसा अडकतो तो ठेवण्यात. स्टीलच्या प्रचंड टाक्या, त्या थंड ठेवणारी यंत्रं, बाटल्या भरायची लाईन. टाकी रिकामी राहिली तरी तिच्या कर्जाचं व्याज चालूच. म्हणून ज्याच्याकडे टाक्या आहेत त्याला काम हवं असतं, आणि ज्याच्या डोक्यात कृती आहे त्याच्याकडे टाक्यांचे पैसे नसतात. दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण मंडळी, मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दिवस चांगले असले की नाव आणि भांडं गुण्यागोविंदानं नांदतात. वाईट दिवस आला की तोटा कुणाच्या दारात जाऊन बसतो? या प्रश्नाचा माग काढत मी बराच मागे गेलो.

बर्टनचं पाणी

आपल्याकडे १८१८ साली पेशवाई संपली. मुंबई, मद्रास, कलकत्त्यात कंपनी सरकारचे साहेब आणि सोल्जर वाढत चालले. उन्हाळ्यात घामाघूम होणाऱ्या या लोकांना बियर लागायची, आणि ती इथे नीट बनत नव्हती, तेव्हा यंत्रानं थंडावा आणायची सोय नव्हती. मग ती विलायतेहून यायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, पाच-सहा महिन्यांचा प्रवास करून.

हा व्यापार बरीच वर्षं लंडनच्या पूर्वेच्या हॉजसन नावाच्या घराण्याच्या हातात होता. त्यांचा कारखाना बो नावाच्या वस्तीत, कंपनीच्या गोदीपासून जवळ. जहाजाच्या कप्तानांना ते अठरा-अठरा महिन्यांची उधारी देत. पुढे हॉजसनच्या वारसांना वाटलं, मधल्यांना कशाला पोसायचं? त्यांनी उधारी आवळली आणि माल स्वतःच हिंदुस्थानात विकायला घेतला. कंपनीचे लोक चिडले. १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका डायरेक्टरनं बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठलं आणि विचारलं, अशी बियर तुला करता येईल का? ऑलसॉपनं करून दाखवली. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समचं, जड. त्या पाण्यात कडवट हॉप्सची फिकट बियर फार छान उतरते असं निघालं. पुढे तिला 'इंडिया पेल एल' हे नाव चिकटलं.

नावात इंडिया, पाणी बर्टनचं! बिराच्या बाटलीतला ९१ आणि बेल्जियमचा कारखाना यांच्यात विसंगती दिसत असेल, तर ही विसंगती दोनशे वर्षं जुनी आहे. फरक एवढाच की ऑलसॉपचं नावही त्याचं होतं आणि भांडंही त्याचंच.

शिक्षकाची बियर

नाव आणि भांडं यांची फारकत जगात गाजली ती अमेरिकेत. १९८४ साली जिम कॉक नावाच्या माणसानं बोस्टन बियर कंपनी काढली. घराण्यात पिढ्यान् पिढ्या बियर करण्याचा धंदा, खापरपणजोबांच्या काळची कृती हाताशी, पण कारखाना नाही. त्यानं पिट्सबर्गच्या एका जुन्या कारखान्यात टाक्या भाड्यानं घेतल्या आणि 'सॅम्युएल अॅडम्स' नावाची बियर १९८५ पासून बोस्टनमध्ये विकायला सुरुवात केली.

ही तथाकथित 'क्राफ्ट' बियर. क्राफ्ट म्हणजे काय? आपल्याकडे रिफाइंड तेल आणि लाकडी घाण्याचं तेल यांत जो फरक मानतात, साधारण तोच. थोडा माल, जास्त जीव लावून केलेला, आणि भाव चढा. आता विचार करा, लाकडी घाण्याचं म्हणून विकत घेतलेलं तेल रिफायनरीतच निघत असेल तर? नेमकं यावरच १९९६ साली अमेरिकेत रान उठलं. बडवायझरवाल्या अॅनहायझर-बुश कंपनीनं सरकारकडे अर्ज केला, की असली बियर खरोखर कुठे होते ते लेबलवर छापायला लावा. टीव्हीवर कार्यक्रमही झाला. जगातली एक अजस्र कंपनी लहानांकडे बोट दाखवून प्रामाणिकपणाची मागणी करत होती, हा विनोद आपल्या जागी. पण मागणीत तथ्य नव्हतं असं मला म्हणवत नाही. कॉक म्हणे, कृती माझी, हॉप्स मी निवडलेले, चव माझी, भांडं कुणाचं का असेना. स्वयंपाकघर भाड्याचं असलं म्हणून स्वयंपाक दुसऱ्याचा होतो का, असा त्या युक्तिवादाचा रोख. तरीही पुढच्याच वर्षी, १९९७ साली, त्यानं सिनसिनाटीचा एक कारखाना विकत घेतला. युक्तिवाद कितीही पटण्यासारखा असो, भांडं जवळ असलेलं बरं असं त्यालाही वाटलंच.

याच्या अगदी उलट टोकाला डेन्मार्कचा मिकेल बोर्ग बियर्गसू. कोपनहेगनमधला शाळामास्तर, गणित-भौतिकशास्त्र शिकवणारा. २००६ साली त्यानं एका मित्राबरोबर 'मिकेलर' सुरू केली. घरच्या पातेल्यात प्रयोग करायचे आणि मग कृती ई-मेलनं दुसऱ्या देशातल्या कारखान्याला पाठवायची, मुख्यतः बेल्जियममधल्या 'द प्रूफ' या ब्रुअरीला. कॉफी घातलेली त्याची काळी बियर जगभर गाजली. अशा बिनकारखान्याच्या लोकांना तिकडे 'भटके बियरवाले' म्हणू लागले. भटकेपणाची त्याला लाज तर नव्हतीच, उलट तीच त्याची ओळख झाली. आज बेल्जियम, उद्या नॉर्वे. लेबलवर मात्र सगळीकडे मिकेलर.

बंगलोर ते बर्टन

आता पुन्हा आपल्या माणसांकडे येतो. हैदराबादेत जन्मलेला, लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा करण बिलिमोरिया शिकायला इंग्लंडात गेला, चार्टर्ड अकाउंटंट झाला, मग केंब्रिजला कायदा शिकला. डोक्यावर वीस हजार पौंडांचं कर्ज. आणि मनात एक तक्रार. तिथल्या हिंदुस्थानी हॉटेलांत मिळणारी लागर बियर फसफसून पोट भरवते, मग जेवण जात नाही. जेवणाबरोबर चालेल अशी मऊ बियर हवी. १९८९ साली त्यानं आणि भागीदार अर्जुन रेड्डीनं 'कोब्रा' काढली. कारखाना अर्थात नव्हताच. बंगलोरच्या मैसूर ब्रुअरीजनं ती त्यांच्यासाठी बनवली, आणि १९९० पासून तिचे कंटेनर इंग्लंडला लागू लागले. खटारा झालेल्या सिट्रोएन मोटारीतून हॉटेलांच्या मागच्या दारी खोकी उतरवण्याची त्याची गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे.

मागणी वाढली, आणि १९९७ साली कोब्रा बंगलोरहून हलली. आता ती बेडफर्डच्या चार्ल्स वेल्स या जुन्या इंग्लिश कारखान्यात होऊ लागली. म्हणजे बघा, कृती तीच, नाव तेच, हॉटेलं तीच, भांडं मात्र बदललं. पिणाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. बंगलोरच्या बाजूनं पाहिलं तर काय झालं? सात वर्षं जिच्यासाठी टाक्या राखल्या ती पार्टी एके दिवशी उठून गेली. जॉबवर्क करणाऱ्याला हे दुःख माहीत असतं. त्यानं कितीही जीव ओतला तरी त्या मालात त्याचं असं काही उरत नाही.

नाववाल्याचंही भलं झालंच असं नाही. कोब्रा जाहिरातीवर आणि विस्तारावर नफ्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करत राहिली. २००६ साली बिलिमोरिया लॉर्ड झाले, आणि २००९ साली कंपनी कर्जाखाली दबली. इंग्लंडच्या कायद्यात एक सोय आहे. बुडत्या कंपनीतली चांगली मालमत्ता आधी ठरवून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला एका झटक्यात विकायची, आणि देणी मागे जुन्या सांगाड्यात ठेवायची. तसं झालं. मोल्सन कूर्स या मोठ्या कंपनीबरोबर नवीन भागीदारी झाली, त्यांचा हिस्सा ५०.१ टक्के. 'कोब्रा' हे नाव वाचलं. तारण न घेता ज्यांनी माल आणि सेवा उधार दिल्या होत्या, त्यांची मोठी रक्कम मात्र बुडाली.

आणि आता ही कोब्रा होते कुठे? मोल्सन कूर्सच्या कारखान्यात, बर्टनला! ज्या गावानं दोनशे वर्षांपूर्वी 'इंडिया'च्या नावाची बियर हिंदुस्थानात पाठवली, तेच गाव आज हिंदुस्थानी नावाची बियर इंग्लंडातल्या हिंदुस्थानी हॉटेलांना पुरवतं. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती ही अशी.

एका शब्दाची किंमत

कोब्रानं भारतातून इंग्लंडचा रस्ता धरला, बिरा त्याच रस्त्यानं उलटी आली. बेल्जियमची बियर भारतात आणायची तर आयातकर जबरदस्त. मागणी तर अशी की दुकानांत माल टिकेना. मग २०१६ मध्ये उत्पादन इंदूरला आलं, पुढे इतर राज्यांतही गेलं, त्यात आपलं नागपूरही होतं.

एकाच देशात इतकी भांडी कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचं उत्पादनशुल्क खातं वेगळं, कर वेगळे, परवाने वेगळे. एका राज्यात भरलेली बाटली दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणजे जवळजवळ परदेशात निर्यात करण्यासारखं. शुल्क भरता भरता नफा संपतो. म्हणून ज्या राज्यात विकायचं त्याच राज्यात बनवणं परवडतं, आणि प्रत्येक राज्यात स्वतःचा कारखाना घालणं कुणालाच झेपत नाही. म्हणून आपल्याकडे बियरच काय, व्हिस्की-रमचे मोठमोठे ब्रँडही जागोजागच्या दुसऱ्यांच्या कारखान्यांत भरले जातात. अमेरिकेत जी एका धाडसी माणसाची युक्ती होती, ती आपल्याकडे कायद्यानं लावलेली सवय आहे.

शिवाय प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची नोंदणी करावी लागते. लेबलवर कंपनीचं पूर्ण नाव असतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी शोकांतिका या एका ओळीत आहे.

बिरा मोठी झाली. २०१८ पासून काही वर्षं आयसीसीच्या क्रिकेट स्पर्धांची प्रायोजक झाली. जपानच्या किरिन कंपनीनं २०२१ मध्ये ३ कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये आणखी ७ कोटी डॉलर घातले. शेअर बाजारात उतरायचं म्हणून कंपनीनं 'प्रायव्हेट लिमिटेड'ची 'लिमिटेड' व्हायचं ठरवलं. कागदोपत्री बदल एका शब्दाचा, 'प्रायव्हेट' हा शब्द गळाला. पण राज्यांच्या खात्यांच्या दृष्टीनं ही नवीन कंपनी झाली. नवीन कंपनी म्हणजे नवीन लेबल, नवीन नोंदणी, नव्यानं अर्ज. हे होईपर्यंत अनेक राज्यांत कित्येक महिने विक्री ठप्प. बियर काही लोणचं नव्हे, मुरत ठेवायला. जुन्या लेबलचा सुमारे ८० कोटींचा माल वाया गेला. २०२३-२४ या वर्षात विक्री ८२४ कोटींवरून ६३८ कोटींवर उतरली, आणि तोटा ७४८ कोटी! म्हणजे विकलेल्या मालापेक्षा तोटा मोठा. २०२५ मध्ये अडीचशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी थकलेले पगार आणि इतर देणी यांच्यासाठी गुंतवणूकदारांकडे दाद मागितल्याच्या, संस्थापकाला हटवा म्हटल्याच्या बातम्या आल्या.

तोटा आधीपासूनचा होता, खर्च अफाट होता, हे सगळं खरंच. एका शब्दावर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे, न्यायाचं नाही. आणि तोवर कंपनी पहिल्यासारखी निव्वळ कराराच्या मालावर उभी नव्हती, हेही खरं. तरीही मला त्या एका शब्दाचं राहून राहून आश्चर्य वाटतं. जिची सुरुवातीची सगळी दौलत म्हणजे एक नाव होतं, तिला धक्का बसला तो नावातूनच. भट्टी विझली नव्हती, पाणी आटलं नव्हतं, कृती हरवली नव्हती. फक्त लेबल जुनं झालं होतं.

देवळालीचा ताप

नाव आणि भांडं एकाच छपराखाली ठेवणारेही आहेत. २००९ साली पुण्यात कोरिंथियन्स क्लबात 'डूलाली' सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक. तांब्याचं भांडं डोळ्यांसमोर, बियर तिथेच करायची आणि तिथेच द्यायची.

'डूलाली' म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! विलायतेला परतणारे गोरे सोल्जर तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून असत. काम नाही, ऊन मरणाचं, त्यातून काहीजण भ्रमिष्ट व्हायचे. त्यांच्या बोलीत त्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. हे 'टॅप' म्हणजे आपलाच 'ताप'. इंग्रजीत अजूनही डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणतात. देवळालीचं नाव इंग्लंडला गेलं, वेडाचा अर्थ घेऊन आलं, आणि पुण्यात बियरच्या भांड्यावर जाऊन बसलं.

डूलालीसारख्यांचं बरं की बिरासारख्यांचं? घाईनं उत्तर देऊ नये. स्वतःचं भांडं म्हणजे स्वतःचीच जबाबदारी. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ताज्या बियरचे सगळे धंदे एकदम थांबले. बाटलीत भरलेला माल निदान दुकान उघडण्याची वाट बघू शकतो, टाकीतल्या ताज्या बियरला तेही जमत नाही. २०१६ साली बिहारनं संपूर्ण दारूबंदी केली, तेव्हा तिथे कारखाने घातलेल्यांच्या हाती भांडी राहिली आणि दाराबाहेरचा बाजार गेला. नुसतं नाव असणारा दुसऱ्या राज्यात निघून जातो. भांडं जागचं हलत नाही.

मिरजेचं पाणी

भांड्याबरोबर आणखी एक गोष्ट जागची हलत नाही असं आपण मानतो. पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मात्र आपल्या शेजारच्या मिरजेहून ते हललं. पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या भरून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला गेली. कृष्णेचं पाच लाख लिटर पाणी. आपल्यापैकी कित्येकांना त्या दिवसांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या दारू-बियर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायचा आदेश दिला. औरंगाबादजवळचं वाळूज म्हणजे बियरच्या कारखान्यांचं मोठं ठाणं, आणि एक लिटर बियर करायला तीन-चार लिटर पाणी तरी लागतंच.

तेव्हाच्या चर्चा आठवा. बोट कुणाकडे दाखवलं गेलं? कारखान्यांकडे. जिथे नळ होता, मीटर होता, तिथे. समजा त्यातल्या एखाद्या टाकीत दुसऱ्या कुणाच्या नावाची बियर मुरत असती, तर ते नाव त्या वादात आलंही नसतं. दुष्काळाला कंपनीचं नाव सापडत नाही, त्याला भांडंच सापडतं. भांड्याशेजारी राहणारी माणसं सापडतात.

सांगलीला हे नवीन नाही. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीच्या पोटातली खोल कोठारं, त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव एकाचं, आत हळद दुसऱ्याची, हा मामला तिथे सर्रास होता. कुणी त्याला फसवणूक म्हटलं नाही, कारण कुणाचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचं पाणी जमिनीत उतरलं, हळद नासली आणि पेवंही मोठ्या संख्येनं कायमची निकामी झाली. हळदवाल्याचं एका हंगामाचं धन गेलं. पेववाल्याचा पिढीजात धंदाच गेला. हळद पुढे कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन राहिली. पेव कुठे जाणार?

म्हणून या सगळ्या बियरपुराणातून मी माझ्यापुरतं एवढंच काढलंय. दुसऱ्याच्या भांड्यात आपली चीज करून घेण्यात लबाडी नाही. तसं नसतं तर शाळामास्तरला बियर करता आली नसती, कर्जबाजारी विद्यार्थ्याला तर नाहीच. पण लेबलवर भांड्याचं गाव ठळक छापलेलं असावं, म्हणजे निदान बाटली हातात धरणाऱ्याला कळेल की यात कुणाचं पाणी आहे. आणि करार कितीही सुबक इंग्रजीत लिहिलेला असो, त्यात शोधायचं कलम एकच. पूर आला, बंदी आली, पार्टी उठून गेली, तर त्या दिवसाचा तोटा कुणाचा? कोब्राच्या वेळी तो उधार देणाऱ्यांच्या दारात गेला. बिराच्या वेळी पगाराची वाट बघणाऱ्यांच्या. दोन्ही वेळा त्यांच्यातल्या कुणाचंही नाव बाटलीवर नव्हतं.

आपल्या भागातली निम्मी घरं अशाच कुणाच्या तरी नावामागे काम करतात. कास्टिंग करतात, मशीनिंग करतात, शिवतात, भरतात, पॅक करतात. नाव दुसऱ्याचं असतं आणि त्यात काही वाईट नाही. फक्त नवीन ऑर्डर घेताना भावाबरोबर तेवढं एक कलम वाचत जा, एवढं आमच्या कुपवाडच्या भाचेमंडळींना सांगायचं होतं. आणि आत्या, बघा, सबंध लेखात एक घोटसुद्धा घेतला नाही.